सेकंडचं लुगडं

विट्यात माग अजून हायती, पर तवाची मजा न्हाई. पंच्याहत्तर साली आमी बारा जण पत्र्याच्या एका शेडात माग चालवायचो. खडखडाट एवढा की शिवी दिली तरी ऐकू यायची न्हाई, म्हणून आमी मालकाला तोंडावर पोटभर शिव्या द्यायचो. अंगाला खळीचा वास, केसांत कापसाची लव. तो वास आठवला की अजून जीव हळवा हुतो बगा.

माझी आई, बयाबाई, तिकडं आटपाडीच्या अंगाला लोकांच्या रानात कापूस वेचायची. तिच्या कापसात पानाचा तुकडा न्हाई का काडी न्हाई. पर कुणाच्या लग्नाला जायचं तर लुगडं चंद्राकाकीकडनं मागून आणायची. काकी द्यायची, आन् चार बायकांत बोलून दाखवायची, जपून गं बया, माझं हाय. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

धाकट्या बहिणीचं, मनूचं, लगीन चैतात ठरलं. मी मनाशी म्हटलं, पोटच्या पोरीच्या लग्नात तरी आई मागितलेल्या लुगड्यात उभी ऱ्हाणार न्हाई. पर मी रोज विणायचो ते काठाचं लुगडं माझ्या महिन्याच्या पगारात बसत नव्हतं. आता बोला!

एक वाट हुती. विणताना खोट ऱ्हायली की लुगडं 'सेकंड' ठरायचं, आन् मालक ते निम्म्या किमतीत त्याच कामगाराच्या गळ्यात मारायचा. बाकीचे त्याला भ्यायचे. मी मुद्दाम केलं. नेसल्यावर ओच्यात झाकंल अशा जागी ताण्याचा एक उभा धागा नखानं तोडला आन् न जोडताच माग चालू ठेवला. हातभर रेघ पडली. वळून बघतो तर मागांवर देखरेख करणारा जॉबर केरबा पाठीशी उभा. त्यानं रेघ बघितली, माझं तोंड बघितलं. मला वाटलं, गेली नोकरी. त्यानं गुमान लुगड्यावर सेकंडची खूण केली आन् चहाला गेला. देवमाणूस गड्या!

एष्टीनं घरी गेलो. आई लय हरखली. लुगडं गालाला लावलं, मग घडी उलगडून बोटं फिरवत गेली. रेघेवर बोटं थांबली. जल्मभर कापसातली काडी हुडकलेली बोटं ती.

"आपसूक तुटला व्हय रं धागा?"

आईपुढं खोटं बोलवंना. सगळं सांगितलं.

तिनं लुगड्याची परत घडी घातली. मग म्हणाली, "चांगलं असतं तर आपल्याला मिळालं नसतं, व्हय?"

"न्हाई."

लग्नात तेच नेसली. काकीनं पदर चाचपून विचारलं, कुठनं घेतलं. आईनं ताठ मानेनं सांगितलं, लेकानं विणलंय. मला तवा लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड गेलं. आई लुगडं आन् सुई घेऊन उंबऱ्यात बसली, आन् ती रेघ एकेक टाका घालून भरायला लागली. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे की, ओच्यात जाती, कुणाला दिसत न्हाई.

"मला ठावं हाय न्हवं," आई म्हणाली.

मी शेजारी बसलो आन् तिला सुईत दोरा ओवून देत ऱ्हायलो.