मोरेश्वररावांनी रंगवलेला नळ

मोरेश्वरराव लेकीकडे अमेरिकेत आले आणि चौथ्याच दिवशी त्यांनी तिच्या स्वयंपाकघरातला नळ लाल नेलपॉलिशने रंगवून टाकला.

आता यात त्यांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. यवतमाळकडे पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. ज्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्याला लाल रंग फासायचा, म्हणजे न शिकलेल्यालाही कळतं की हे पिऊ नये. आणि इथे, चँडलर शहरापासून तासाभरावरच्या या एवढ्याशा गावात, नगर परिषद म्हणे मुलांचे दात किडू नयेत म्हणून मुद्दाम पाण्यात फ्लोराइड घालणार! आम्ही जन्मभर काढायला धडपडलो, हे विकत आणून घालतात. अजून घातलं नव्हतं म्हणा, पण मोरेश्वरराव कामात कधी मागे राहिले नाहीत.

लेकीचं, गिरिजाचं, डोकं मात्र नळ पाहून फिरलं. तिची पीएच.डी. याच फ्लोराइडवर चालली होती: घालण्याआधीचे मुलांचे दात आणि घातल्यानंतरचे. ठराव पास झाला तर पदवी, नाहीतर तीन वर्षं फुकट. "बाबा, प्लीज," ती म्हणाली, "मंगळवारी परिषदेत हिअरिंग आहे. तोवर कुणाशी काही बोलू नका."

ते आपणहून बोललेच नाहीत. शेजारची डोरिस केळ्याचा ब्रेड द्यायला आली, तिने नळ पाहिला आणि विचारलं. विचारल्यावर न सांगणं बरं दिसतं का? डोरिस निघाली फ्लोराइडविरोधी मंडळाची अध्यक्ष. मोरेश्वररावांचे लहानपणापासूनचे तपकिरी, चट्टे पडलेले दात पाहून तर तिला घबाडच सापडलं. दोन दिवसांत अर्ध्या गावाचे नळ लाल झाले आणि मंगळवारी साक्षीला नाव पुकारलं गेलं ते मोरेश्वररावांचं. गिरिजाने कपाळाला हात लावला.

मोरेश्वररावांनी माइकपुढे दात दाखवले. लोक हळहळले, डोरिसने टाळ्या वाजवल्या. मग महापौरबाईंनी साधंच विचारलं, "तुमच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड किती होतं?"

आली पंचाईत. वेळ मारून नेता आली असती, पण आकडा विचारला की या माणसाला खोटं बोलता येत नाही, खात्यातली खोड. "लिटरला सहा मिलिग्रॅम," ते म्हणाले. "तुम्ही घालणार ते एकसुद्धा नाही. तेवढ्याने दात असे होत नाहीत." डोरिसचा चेहरा पडला, गिरिजाचा खुलला.

अहो, इथेच खाली बसावं ना! पण नाही. "मात्र डोरिसबाईंची भीती खोटी नाही. आमच्याकडे फ्लोराइड काढायचं यंत्र बसवलं, फोटो निघाले, आणि रोज मोजायला माणूस मी मागतच राहिलो. यंत्र दोन वर्षं बंद होतं, पोरं तेच पाणी पीत होती. तुमच्याकडे रोज मोजणार कोण?"

आधी रोज मोजायची सोय करायची, असं परिषदेने ठरवलं. ठराव सहा महिने पुढे गेला.

घरी येताना गिरिजा ड्राइव्ह करत होती. आपण पोरीचं वाटोळं केलं, हा विचार मोरेश्वररावांच्या मनातून जात नव्हता.

दारात गाडी थांबवून ती म्हणाली, "सहा महिने गेले माझे, बाबा."

"चुकलं माझं."

"नाही. मी तीन वर्षं दात मोजतेय, पण पाणी कोण मोजणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही." तिने मागच्या सीटवरची वही ओढली. "त्या बंद यंत्राचं पहिल्या दिवसापासून सांगा. मी लिहून घेते."

मोरेश्वरराव तारखेसकट सांगू लागले. तीस वर्षं त्यांनी वर अर्जावर अर्ज पाठवले होते. त्यांचं म्हणणं कुणी लिहून घ्यायची ही पहिलीच वेळ होती.