तिसरीच्या व्हरांड्यातला टॉवेल

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे. आता मला पोतेरं म्हणतात. म्हणोत बापडे! शिओरीच्या आईने चौघडी घालून मला शिवलं, कोपऱ्यात लेकीचं नाव लिहिलं आणि पहिलीच्या पहिल्याच दिवशी शाळेत धाडलं. आमच्याकडे जपानात जेवणानंतर शाळेची लाकडी फरशी मुलंच पुसतात. दोन्ही हातांखाली मला दाबायचं आणि व्हरांडाभर धूम ठोकायची. तेव्हा माझं काय कौतुक होतं! तिसरीपर्यंत मी काळाठिक्कर पडलो आणि बादलीच्या काठावर लटकून राहिलो.

त्या वर्षी कुरामोतो बाईंनी प्रकल्प दिला. दुधाच्या खोक्याची गाडी करायची, रबर आसाला गुंडाळून सोडायची. गाडी बरोबर व्हरांड्याच्या फरशीवर आखलेल्या लाल चौकटीत थांबली पाहिजे. शिओरीच्या जोडीला तेप्पेई होता. आठ वेढ्यांना गाडी अलीकडे, पंधराला पलीकडे. आठवडाभर खपून दोघांनी वहीत लिहिलं, ‘बारा’.

पालक बघायला येणार त्या दुपारी शिओरीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिने मला बादलीत बुचकळलं आणि पिळल्यासारखं करून फरशीवर फिरवलं. माझ्यातून पाणी नुसतं गळत होतं. अगं पीळ की मला, पीळ! पण पोतेऱ्याला वाचा कुठली?

पालक भिंतीशी उभे राहिले. तेप्पेईने मोठ्याने मोजत वेढे दिले, “...अकरा, बारा!” गाडी सुटली. चाकं जागच्या जागी गरगरली, गाडी जेमतेम रांगली आणि चौकटीच्या हातभर अलीकडे थांबली.

“अरे, गोगलगाय बरी!” वर्गातला गाकु ओरडला. सगळे हसले.

शिओरी तेप्पेईवर उखडली. “तू वेढे कमी दिलेस!”

“बाराच दिले. आईशप्पथ!”

“मोजता येतं का तुला? गणितातपण तुझं असंच असतं!”

तेप्पेईचे कान लाल झाले. त्याची आई शेजारच्या बायकांपुढे वाकून वाकून माफी मागू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक त्या पोराची नव्हती, आणि ते ठाऊक असलेला मी एकटाच होतो.

शिओरी गाडी उचलायला वाकली. तिचा तळवा फरशीला टेकला, तो तिथेच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मला त्याचीच धास्ती वाटत होती.

“काय झालं गं?” बाईंनी विचारलं.

“बाई...” ती उठून उभी राहिली. “तेप्पेईने बाराच दिले होते. फरशी ओली आहे. चाकं घसरली. मी... मीच पोतेरं पिळलं नाही.”

बाई एवढंच म्हणाल्या, “मग आता काय करायचं?”

“फरशी कोरडी करून पुन्हा सोडू,” तेप्पेई घुश्शातच म्हणाला. “पण या वेळी वेढे तूच मोज.”

“नको. तूच दे. मी बघणारसुद्धा नाही.”

मित्रांनो, आम्हाला हवं तेवढं मळवा, पण पिळायचा कंटाळा करू नका. आणि कुणावर खापर फोडण्याआधी एकदा वाकून फरशीला हात लावून बघा. दुसऱ्या वेळी गाडी कुठे थांबली, ते मात्र मला विचारू नका. फरशी पुसून झाल्यावर शिओरी सगळ्यांकडे पाठ करून बादलीपाशी बसली होती, आणि दोन्ही हातांनी मला पिळत रडत होती.