टाकीतलं पाणी

थोरल्याने होडीच्या इंजिनाची गाळणी काचेच्या बाटलीत रिकामी केली आणि बाटली खिडकीपाशी धरली. वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर स्वच्छ पाणी.

"पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा," तो म्हणाला. "हे काय आभाळातून पडलं?"

धाकटा भाऊ कार्बोरेटरच्या जेटच्या बारीक भोकातून फुंकर मारत होता. त्याने मान वर केली नाही.

"नळी बघू या," एवढंच म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं, असं थोरल्याला वाटलं. होडी विकून दुकान टाकू, हा धोशा याच धाकट्याने महिनाभर लावला होता. इंजिन असंच रुसत राहिलं तर गिऱ्हाईक तुटणार, मग विकण्यावाचून गत्यंतर नाही. काल तर खाडीच्या भर प्रवाहात ते गचके खाऊन बंद पडलं. सात उतारू, त्यांत एक बाळंतीण. वल्ही मारून थोरल्याच्या तळहातांची सालटी निघाली होती. आज सोक्षमोक्ष लावायचा, नाहीतर भागी मोडायची, हे तो बायकोला सांगूनच आला होता.

नळी धड निघाली. पंपही ठीक. राहिली टाकी, आणि टाकी असायची इथेच, धाकट्याच्या घरी.

"टाकीला हात कोण लावतं?"

धाकट्याने जेट फडक्यावर ठेवला. बराच वेळ बोटं पुसली.

"बाबा."

"त्यांच्यावर ढकलायला लाज नाही वाटत?"

"सकाळी येऊन बघ. तांब्याभर पाणी ओतून टाकीवरचं मीठ धुतात. त्याआधी झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडतात. आपण विसरू म्हणून."

म्हणजे पाणी त्या उघड्या स्क्रूतूनच टाकीत जात होतं. मागे एकदा स्क्रू बंद राहून इंजिन थांबलं होतं. तेव्हा त्यानेच वडिलांना सांगितलं होतं, तेवढा स्क्रू तुम्ही उघडून ठेवत जा. डोळे गेल्यापासून तेवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं.

"मग बोलला का नाहीस? मी तुझ्यावर संशय घेत होतो."

"कळत होतं. तू येण्याआधी रोज तळातलं पाणी काढतो मी. ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी इंजिन बंद पडतं. पण त्यांना कसं सांगायचं? तू सांगतोस?"

थोरल्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तेवढ्यात वडील भिंत चाचपत दारात आले.

"काय निघालं रे? पाणीच ना? मला वाटलंच. थोरल्या, याच्यावर लक्ष ठेव. याचा जीव होडीत नाही."

धाकट्याने जेट उचलला आणि पुन्हा फुंकर मारू लागला.

"चूक माझी होती, बाबा," थोरला म्हणाला.

"तू कसला चुकतोस! बरं, उद्यापासून मी टाकी दोनदा धुतो."

ते गेल्यावर थोरल्याने बाटली उचलून कोपऱ्यात ठेवली.

"उद्या मी पाचला येतो," थोरला हळूच म्हणाला. "पाणी मी काढीन. तू झोप."