खालची अर्धी भिंत

"खुर्ची अजून पुढे घे. एवढ्या लांबून माझा हात भिंतीला पोचणार कसा?" माझी धाकटी बहीण म्हणाली.

मी खुर्ची सरकवली. तिने खडू घेतला आणि उजवा हात उचलून पाहिला. खांद्याच्या जरा खाली येऊन तो थांबला. ऑपरेशननंतर तो तेवढाच उठत होता.

"झालं तर मग. वरची भिंत तुझी, खालची माझी. भांडण नको."

"आधी डावी-उजवी होती," मी म्हटलं.

"आधी मी वेणीही घालायचे." तिने डोक्यावरून तळवा फिरवला. केस नुकते परत येत होते, दात घासायच्या ब्रशसारखे ताठ. "आता बघ, कंगव्याचीसुद्धा कटकट नाही."

ती हसली म्हणून मीही हसले. मागे खुर्च्या मांडणारे तिचे यजमान मात्र हसले नाहीत. ते शाळेत गणित शिकवत. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, आणि धाकटीही मास्तरच म्हणायची.

आम्ही दोघी नक्की काय करतो, हे सांगायची वेळ आली की मी अजून अडखळते. 'परफॉर्मन्स' म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे नाटकात काम करता का?" नाटक नाही. एक भिंत असते, फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवलेली. समोर एक खुर्ची. आलेल्या लोकांपैकी ज्याला वाटेल तो त्या खुर्चीत बसतो आणि आपल्याकडे आता नसलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल बोलतो. मग ती वस्तू असेल, जागा असेल किंवा माणूस. तो बोलत असताना मी भिंतीवर चित्र काढते आणि धाकटी लिहिते. बोलणाऱ्याकडे आमची पाठ असते आणि एकमेकींचं काम आम्ही बघत नाही. त्याचं बोलणं संपलं की तो भिंत बघतो. आणि मग आम्ही ओल्या फडक्याने भिंत पुसून टाकतो.

आई होती तेव्हा एकदा बघायला आली होती. घरी जाताना म्हणाली, "लहानपणी भिंतीवर रेघोट्या मारल्या म्हणून तुम्हाला बदडलं. आता लोक टाळ्या वाजवतात. म्हणजे माझंच चुकलं म्हणायचं!"

एरवी मी शाळेच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढते. मधोमध कापलेलं फूल, कानाच्या आतला भाग, असलं. धाकटी टायपिंगचा क्लास चालवायची. दिवसभर मी नेमकेपणाने काढायचं आणि तिने इतरांचं लिहिलेलं बडवायचं. म्हणून भिंतीपाशी आलं की आम्हाला सुटल्यासारखं वाटायचं. पण तिथेही ती माझ्यापेक्षा कडक होती. "तुझं बरं आहे. रेघ चुकली तर तू तिची सावली करतेस. माझा शब्द चुकला की चुकलाच." तिचं खरं होतं. मी कुठूनही सुरुवात करू शकते. एखाद्या घराबद्दल बोलणं चाललं असेल तर मी खिडकीपासून, दाराच्या कडीपासून, कुठूनही शिरते. तिला मात्र पहिला शब्द हवा असायचा. तो सापडेपर्यंत ती खडू हातात धरून नुसती उभी राहायची, आणि लोकांना वाटायचं, ही विसरली वाटतं.

पुसायचा नियमही तिचाच. मी सुरुवातीला कुरकुर केली होती. ती म्हणाली होती, "ज्याचं होतं त्याने बघितलं. आता ते ठेवून आपण काय करणार? त्याच्याकडून गेलेली गोष्ट आपल्याकडे राहिली तर ती चोरी नाही का?"

त्या दिवशी आम्ही एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या दालनात होतो. पुस्तकं खाली हलवलेली, कपाटं रिकामी करून कडेला लावलेली, जमिनीवर कपाटांच्या पायांचे चौकोनी डाग. लोक बऱ्यापैकी आले होते. पहिल्यांदा एक शिंपी बोलले. त्यांच्या बायकोला शिंक आली की ती एक कधीच यायची नाही, सलग यायच्या, आणि शेवटच्या शिंकेनंतर ती "झालं!" म्हणायची. एवढंच बोलले. मी शिवणयंत्र काढलं, त्यामागे खांदे आक्रसून बसलेली बाई काढली. वळून पाहिलं तर खाली धाकटीने एकच ओळ लिहिली होती. 'झालं म्हणायला ती विसरली, म्हणून अजून संपलेलं नाही.' शिंपी ती ओळ वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "एवढं राहू द्या की हो."

"नाही काका," धाकटी म्हणाली आणि तिने खालचं पुसलं. वरचं मी पुसलं.

आणखी दोघं-तिघं बोलून गेले. मी संपलं असं समजून हात झटकत होते, तेवढ्यात धाकटी खुर्चीतून उठली आणि चालत जाऊन समोरच्या, बोलणाऱ्याच्या खुर्चीत बसली.

"काय गं?" मी विचारलं.

"माझी पाळी. वळ तिकडे. काढ."

असं आम्ही कधी केलं नव्हतं. लोकांना ते ठरलेलंच वाटलं असणार. मी भिंतीकडे वळले.

"माझ्याकडे एक माणूस होता," ती म्हणाली. "आंघोळ करून आला की पाय न पुसता घरभर फिरायचा. मी ओरडायचे. लादीवर पाय घसरून पडाल, म्हणायचे. तो म्हणायचा, आत्ता वाळतात."

मागे कुणीतरी हसलं. हसणं मास्तरांचं होतं, मला ओळखू आलं. मीही हसतच खडू टेकवला आणि पहिलं पाऊल काढलं.

"मी स्वयंपाकघरातून ती पावलं बघायचे. आधी कपाटाकडे जायची. म्हणजे बनियन सापडत नाही. मग खिडकीशी जोडीने थांबलेली. म्हणजे बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नाहीये आणि हा मनातल्या मनात मदत करतोय. मग माझ्याकडे यायला निघालेली. पण अर्ध्या वाटेत पाय वाळायचे, त्यामुळे ती पावलं माझ्यापर्यंत दिसायची नाहीत. तो मात्र यायचा."

मी काढत होते. टाच, चवडा, सुटी करंगळी. उभ्या भिंतीवर पावलं वर चढत चालली होती. खालची अर्धी भिंत काळीच होती. तिथे लिहिणारं कुणी नव्हतं.

"होता, असं मी म्हणतेय," ती पुढे बोलली. तिचा आवाज बदलला नव्हता. "तो आहे. इथेच बसलाय. पण गेल्या आठवड्यात मी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. ते परत आलंय. या वेळी हाडांत. औषध देतील, पण त्याने बरं होणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. म्हणजे तो राहील आणि मी नसेन. पण हिशेब तोच ना? जिच्याकडून गेलं, तिच्याकडून गेलंच."

खडू माझ्या हातात मोडला. उरलेल्या तुकड्याने मी काढत राहिले. थांबले असते तर वळावं लागलं असतं.

"संपलं," ती म्हणाली.

मी वळले. मास्तर शेवटच्या रांगेत उभे होते. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. ओठ हलत होते, वह्या तपासताना बेरीज करतात तसे. कुणी टाळी वाजवली नाही.

धाकटी भिंतीपाशी आली. सगळी पावलं तिने नीट पाहिली. "करंगळी छान आलीय," म्हणाली. "आता पूस."

"नाही पुसणार."

"ताई."

"एवढं एक राहू दे. मी कधी काही मागितलंय तुझ्याकडे?"

तिने स्वतः फडकं घेतलं, हात वर केला. तो खांद्याच्या खालीच थांबला. पावलं त्याच्याही वर होती. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "माझा हात पोचत नाही गं."

मग मी पुसलं.

घरी पोचल्यावर मी तिच्यावर बरसले. "असं चारचौघांत सांगतात? परक्या माणसांसमोर? त्या बिचाऱ्याचं काय झालं असेल, विचार केलास?"

मास्तर आत तोंड धुवत होते. नळ बराच वेळ चालू होता.

"घरी सांगितलं असतं तर तुम्ही दोघं बोलला असतात," ती म्हणाली. "दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, असं काही होत नाही, रडू नकोस. मला एकदा सगळं सलग बोलायचं होतं. तिथे नियम आहे, मध्ये बोलायचं नाही." मग म्हणाली, "इतकी वर्षं लोक त्या खुर्चीत का बसतात, ते मला आज कळलं. आपली भिंत बघायला कुणी येत नाही, ताई. आपली पाठ बघायला येतात."

मास्तर टॉवेल घेऊन बाहेर आले. तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "चहा टाकू का?"

"टाका," ती म्हणाली. त्या संध्याकाळी त्या विषयावर ते दोघं एवढंच बोलले.

ती त्यानंतर फार दिवस राहिली नाही. शेवटी तिला खडू काय, चमचाही धरता येत नव्हता. मी तिच्या पलंगाशी बसून कानाच्या आकृत्या पूर्ण करायचे. ती डोळे मिटूनच विचारायची, "कुठवर आलीस?" मी म्हणायचे, "पडद्यापर्यंत." एका सकाळी तिने विचारलं नाही.

वाचनालयाच्या बाईंनी बऱ्याच महिन्यांनी फोन केला. "एकट्या कराल का? नाही म्हणालात तरी चालेल." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून गेले.

दालन तेच होतं. मी आधी ठरवलं होतं, पूर्ण भिंत वापरायची. एक मुलगी तिच्या विकलेल्या सायकलबद्दल बोलली, तेव्हा मी चाकं मुद्दाम खालपर्यंत नेली. जमेना. वाकून काढताना सारखं वाटत होतं, कुणाच्या तरी ताटातलं खातेय. पुढच्या चित्राला मी कमरेशी थांबले.

मग मास्तर येऊन खुर्चीत बसले. ते आलेत हे मला माहीत नव्हतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वळा ताई. तुम्ही वळल्याशिवाय मला बोलता यायचं नाही."

मी वळले.

"ती पेपर मोठ्याने वाचायची," ते म्हणाले. "बातम्या नव्हेत, जाहिराती. हरवले आहेत, पाहिजे आहेत, घर भाड्याने देणे. मी वह्या तपासत असायचो. हं, म्हणायचो. खरं तर माझं लक्ष नसायचं. ती मुद्दाम मधेच काहीतरी खोटं वाचायची, 'हत्ती विकणे आहे, वापर कमी'. तरी मी हं. मग ती खूप हसायची. परवा वर्गात फळ्यावर लिहीत होतो. मागे पोरं काहीतरी बोलत होती आणि मी हं म्हणालो. कुणी मला काही विचारलंच नव्हतं. सगळा वर्ग हसला. संपलं. एवढंच आहे."

मी खडू धरून उभी होते. पेपर काढता आला असता. वह्या, टेबल, हत्तीसुद्धा. पण ते त्यातल्या कशाबद्दलच बोलत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला रेघ सापडेना, आणि मी तशीच उभी राहिले. लोकांना वाटलं असेल, ही विसरली.

मग मी गुडघे टेकून खाली बसले आणि खालच्या भिंतीवर लिहिलं, 'हं'. माझं अक्षर वाईट आहे. अनुस्वार भलतीकडेच पडला.

मास्तर जवळ आले, वाकून वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं.

"पुसा आता," ते म्हणाले.

बाहेर उजेड उतरत आला होता. आम्ही दोघं बसस्टॉपवर जाऊन बसलो. त्यांची बस आली. दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं. मास्तरांनी पिशवी उचलली आणि परत मांडीवर ठेवली.

"पुढची घेतो," ते म्हणाले.

दार बंद झालं. बस जवळजवळ रिकामीच होती. आतले दिवे नुकतेच लागले होते, आणि ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिच्याकडे बघत होतो. मग तिच्यामागची आली. तीही त्यांनी जाऊ दिली.