शिवणीतली माया

बाईंनी कोट उलटा केला, अस्तराची कड कात्रीच्या टोकाने अलगद उसवली आणि आत बोट घालून पाहिलं. माया भरपूर होती. ज्या कुणी हा काळा कोट शिवला होता, त्याने पुढेमागे पोट सुटणार हे गृहीत धरून दोन्ही बाजूंना चांगलं अंगठाभर कापड आत दुमडून ठेवलं होतं. नवरदेव त्या वेळी नुसता काडीपैलवान होता.

"शहाणा माणूस," बाई पुटपुटल्या. हे शिंप्याला उद्देशून होतं.

कोट त्यांच्या नवऱ्याचा. म्हणजे एके काळच्या नवऱ्याचा. हाच घालून तो बाईंशी लग्नाला उभा राहिला होता, आणि आता केस पिकल्यावर, येत्या शनिवारी, हाच घालून तो गावातल्या चष्मेवाल्याशी लग्नाला उभा राहणार होता.

पुरुषाला पुरुषाशी आणि बाईला बाईशी लग्न करता येईल असा कायदा गेल्या वर्षी झाला आणि गावाचे उभे दोन तुकडे झाले. बेकरीच्या काचेवर एका बाजूचा कागद, समोरच्या केशकर्तनालयाच्या काचेवर दुसऱ्या बाजूचा. प्रार्थनागृहातही दोन तट पडले. अर्धे लोक जुन्या जागी राहिले, अर्धे शाळेच्या हॉलमध्ये जमू लागले. गाणी तीच, वेळ तीच, फक्त एकमेकांचं तोंड बघायचं नाही. बाईंच्या दुकानात दोन्हीकडची गिऱ्हाइकं यायची आणि कपड्यांची उंची कमी करून घेता घेता बाईंचं मत काढून घ्यायला बघायची. बाई तोंडातल्या टाचण्यांकडे बोट दाखवून मान हलवायच्या. इतक्या टाचण्या त्यांनी याआधी तोंडात कधी धरल्या नव्हत्या.

बसचा ड्रायव्हर, म्हणजे तो एके काळचा नवरा, आठवड्यापूर्वी दुपारी सामसूम बघून आला होता. दारातच उभा राहिला.

"तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून आलो," तो म्हणाला.

"आत ये की. दारात काय पोस्टमनसारखा?"

लग्नात तो 'अहो' होता. सुटल्यावर त्याचा 'अरे' झाला. दोघांनाही तेच सोयीचं पडलं होतं. त्याने शनिवारचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, मशीनवरचा धागा तोडला आणि विचारलं, "घालणार काय?"

"आहे तो निळा स्वेटर."

"स्वेटर? लग्नात? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"ह्या वयात कोण बघतंय?"

"चष्मेवाला बघेल. त्याचा धंदाच आहे बघण्याचा."

तो हसला. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, पहिल्यासारखाच. बाईंनी आतल्या खोलीतून डांबरगोळ्यांच्या वासाचा कोट आणून त्याच्या पोटाला लावून बघितला. एक बटणही लागेना. तो ओशाळला आणि म्हणाला, "हा तू अजून ठेवलायस?"

"टाकायला चांगलं कापड आहे का ते?" बाई म्हणाल्या. "ट्रायलला येऊ नकोस. समोर तुझ्या मुलाचं पक्षाचं ऑफिस आहे. मी बघते कसं ते."

आता बाईंनी एका बाजूची शिवण पुरती उसवली. इतकी वर्षं आत दडलेलं कापड बाहेर आलं ते अगदी काळं कुळकुळीत, बाहेरच्या विटलेल्या रंगाशी न जुळणारं. त्यावर हात फिरवताना त्यांना डेपोची ती शेवटची बस आठवली. तेव्हा ते बेकरीवरच्या दोन खोल्यांत राहायचे. सुट्टीच्या दिवशी तो त्यांना आणि पोराला शेवटच्या फेरीला बसवायचा. सगळे उतरून गेले की रिकामी बस डेपोकडे वळायची आणि मग हा थांब्यांची नावं पुकारायचा, मनाला येतील ती. "झोपाळू पोरांचा थांबा! उतरा लवकर!" "आईच्या रागाचा थांबा! इथे गाडी थांबणार नाही!" मागच्या बाकावर पोरगं हसून हसून लोळायचं. बाईंना वाटायचं, ही बस अशीच चालत राहावी, डेपो येऊच नये. तेव्हाचं ते सुख खोटं होतं असं पुढे पुष्कळांनी त्यांना सांगून पाहिलं. बाईंना ते कधी पटलं नाही.

दारावरची घंटी वाजली. मुलगा आत आला. पायपुसण्यावर बूट नीट पुसले. ती सवय त्याला लहानपणापासून होती. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पक्षाचा बिल्ला.

"आई, आवरलं नाहीस अजून? सभा सुरू व्हायची वेळ झाली. पुढच्या रांगेत जागा धरलीये तुझी."

"कशाला?"

"मी बोलणार आहे ना तुझ्याबद्दल. म्हणजे नाव नाही घेणार. पण लोकांना कळायला हवं, असल्या माणसांपायी घरातल्या बाईचं काय होतं ते." मग त्याची नजर मशीनवर गेली. "हा कुणाचा कोट?"

त्याने कॉलर उचलून पाहिली. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत तोच कोट होता आणि तो फोटो बाईंनी कधी उतरवला नव्हता.

"त्या माणसाचा कोट तू शिवतेयस? त्या लग्नासाठी?"

"शिवत नाही. सैल करतेय."

"आई, मस्करी नको. तो आपल्याला टाकून गेला. तू रात्रंदिवस हे मशीन मारलंस. मी शाळेत दोन वर्षं सांगत होतो की वडील बदलीवर आहेत. आणि आता सरकार म्हणतं, बरोबर आहे त्याचं, घ्या, सही करा. लग्न म्हणजे काय हे आता सरकार ठरवणार? मग प्रार्थनेत आपण इतकी वर्षं काय म्हणत होतो?"

त्याचा आवाज चढला नव्हता. तो मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच बाईंना त्याच्याकडे बघवेना. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"तुझं बरोबर असेल, चूक असेल. तू बोल सभेत, मी आडवी येणार नाही. पण मला पुढच्या रांगेत बसवू नकोस. आणि तो टाकून गेला असं माझ्या वतीने सांगू नकोस."

"मग काय सांगू?"

"मी त्याला जा म्हटलं."

मुलाच्या हातून कॉलर सुटली.

"लायसन्ससाठी त्याला चष्मा लागला तेव्हा मी बरोबर गेले होते," बाई म्हणाल्या. "चष्मेवाल्याने त्याची हनुवटी वर केली आणि फ्रेम चढवली. तुझा बाप एका जागी दोन मिनिटं बसणारा नव्हे. त्या दिवशी बसला होता, श्वास रोखून. मला हसू आलं. नंतर वर्षभर तो घरात असायचा आणि नसायचा. बसमध्ये थांब्यांची नावं पुकारणं बंद झालं. जेवणाच्या टेबलाशी गुडघ्यांवर हात ठेवून बसायचा, परीक्षेला बसल्यासारखा. त्याने काही केलं नव्हतं रे. कुठे गेला नव्हता. एका दुपारी मीच कपाटावरची बॅग खाली काढली. म्हटलं, जा तू. माझ्यासमोर असा वाळू नकोस. रडला तो. मीही रडले. मग त्याचे शर्ट घडी करून मीच भरले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लहान होतास. आणि मोठा झालास तेव्हा तुझं सगळं ठरलेलं होतं." बाई थांबल्या. "शिवाय खरं सांगू? टाकलेल्या बाईला लोक काम देतात, डबा देतात. नवऱ्याला जा म्हणणाऱ्या बाईला काय देतात? तुझी फी भरायची होती मला."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. समोरच्या ऑफिसातून दोघे-तिघे खुर्च्या उचलून सभेच्या दिशेने निघाले. एकाने काचेतून हात केला. मुलाने हात वर केला नाही.

तो स्टुलावर बसला. बाईंनी मधल्या वेळात दोन्ही बाजूंना कच्चे टाके घातले. शेवटी त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुझी आणि त्याची अंगलट एकच. जाण्याआधी जरा घालून दाखवतोस? डोळ्यांनी अंदाज येत नाही."

"मी?"

"नसेल घालायचा तर राहू दे. उशीवर चढवून बघते."

तो उठला. दाराकडे जाईल असं बाईंना वाटलं. दारापर्यंत तो गेलाही. पण तिथे त्याने बिल्ल्याचा शर्ट विस्कटू नये म्हणून बाह्या खाली ओढल्या आणि वळून दोन्ही हात मागे केले, लहानपणी शाळेचा स्वेटर घालून घेताना करायचा तसे. बाईंनी कोट चढवला. बटण लागलं. पाठ बसली. त्या मागे उभ्या राहून खडूने खुणा करू लागल्या. मुलाचा फोन खिशात वाजला, थांबला, पुन्हा वाजला.

"हलू नकोस," बाई म्हणाल्या. "झालंच. छान बसलाय."

"खांद्यात नाही बसला."

"का? बरोबर तर आहे."

"मला बरोबर आहे." तो समोर भिंतीकडे बघत होता. "बाबांचा उजवा खांदा हल्ली उतरलाय. चालताना दिसतं. तसाच दिलास तर त्या बाजूला चुणी पडेल."

खडू कापडावर टेकलेला तसाच राहिला. बाईंना तो खांदा दिसला नव्हता. आठवड्यापूर्वी तो इथे समोर उभा होता, तरी. त्या उजव्या बाजूला सरकल्या आणि खांद्याच्या शिवणीवर बोटं ठेवली.

"किती घेऊ?"

त्याने जरा विचार केला.

"बोटभर," तो म्हणाला.