पडदा कोरा होता तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना कान आहे, पण कोणाच्याही डोक्याला लावलेला नाही. शास्त्रज्ञ मला हायड्रोफोन म्हणतात, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारा माईक. दिसायला मी अगदीच साधा. अंगठ्याएवढी चिनी मातीची पोकळ नळी, तिच्यावर काळे रबरी आवरण आणि मागे लांबच लांब केबल. पाण्यात आवाज झाला की तो माझ्या मातीच्या अंगाला किंचित दाबतो. त्या दाबाची वीज होते आणि ती केबलमधून वर जाते. याहून जास्त मला काही येत नाही. मी ऐकतो आणि वर पाठवतो. बोलता मला येत नाही, आणि माझे सगळे दुःख तिथेच आहे.

एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, छोट्या खिडकीच्या खोलीत मी तयार झालो. माझ्या तारा एका काकूंनी जोडल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाई काही सांगायला लागल्या की काकू म्हणायच्या, "हळू बोल गं. याचे कान माझ्या सासूबाईंपेक्षा तिखट आहेत." ती माझी पहिली स्तुती.

सुरुवातीची वर्षे फार चांगली गेली. मी अभ्यासाच्या बोटीवर होतो. समुद्र शांत असतो असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर त्याने समुद्रात डोके घातलेले नसणार. तिथे कोळंब्या चटचट नांग्या वाजवतात, मासे घुमतात, लांबच्या जहाजांचे पंखे घरघरतात. आणि या गोंधळात एक अतिशय बारीक, भरभर येणारी टिकटिक असते. ती पॉरपॉइझची. पॉरपॉइझ म्हणजे डॉल्फिनची बुटकी, गोल तोंडाची चुलत बहीण. गढूळ पाण्यात तिला डोळ्यांचा उपयोग थोडाच. ती टिकटिक सोडते, प्रतिध्वनी ऐकते आणि त्यावरून मासा कुठे, खडक कुठे, आपले पिल्लू कुठे ते ओळखते. हा आवाज इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. म्हणून मी पाठवलेली टिकटिक संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात दिसते. ते ठिपके पाहायला विद्यार्थी टेबलाभोवती गर्दी करत.

मग समुद्रात पवनचक्क्या उभारायचे ठरले. धूर नाही, राख नाही, फुकटचा वारा. मला ते पटले होते आणि आजही पटते. पण समुद्रात पवनचक्की उभी करायची तर आधी तळात लोखंडी खांब ठोकावा लागतो. त्याच्या पोटात दोन बस शेजारी शेजारी मावतील एवढा तो रुंद असतो. त्याला ठोकणारा यांत्रिक हातोडा समुद्रतळावर लोखंडी पाय टेकून उभ्या राहणाऱ्या जहाजावर असतो, आणि पाणी आवाज हवेपेक्षा कितीतरी लांब नेते. जवळ असलेल्या पॉरपॉइझचे कान त्या ठोक्यांनी बधिर होऊ शकतात. जी कानांनीच पाहते, ती बहिरी झाली की आंधळीही झाली.

म्हणून एक पद्धत होती. ठोकण्याआधी अर्धा तास ऐकायचे. कोणी असेल तर थांबायचे. कोणी नसेल तर आधी हलके ठोके द्यायचे, म्हणजे उरलासुरला प्राणी दूर जाईल, आणि मगच पूर्ण जोर लावायचा. हे ऐकण्याचे काम माझ्याकडे आले.

आमची बोट लहान होती. केबिनमध्ये जमिनीला स्क्रूने बसवलेले एक टेबल, त्यावर रबराच्या चटईवर संगणक, आणि कोपऱ्यात दोरीने बांधलेला चहाचा थर्मास. संगणकापुढे ताई बसायची. नुकतीच शिकून आलेली, प्रत्येक गोष्टीला 'का' विचारणारी. बोट चालवणाऱ्यांना सगळे मामा म्हणत.

"ताई, आज पाण्यात कोण बडबडतंय?" मामा विचारायचे.

"कोळंब्या. आणि तुमचं इंजिन."

"इंजिनाला बोलायचं नाही. माझ्यापेक्षा कमी कुरकुरतं ते."

बोटीच्या तळाला पाण्याची खोली मोजणारे एक यंत्र होते. तेही टिकटिक सोडून प्रतिध्वनी ऐकते, पॉरपॉइझसारखेच. त्याच्या ठिपक्यांनी ताईचा पडदा भरून जाई. तिने ते बंद करायला सांगितले तेव्हा मामांनी साफ नकार दिला. "इथली वाळू जागा बदलते. आंधळी कोशिंबीर खेळायला मी बोट आणलेली नाही."

त्यांचेही बरोबर होते. मग ताईने संगणकात एक गाळणी बसवली. त्या यंत्राच्या पट्टीतला आवाज आला की पडद्यावर दाखवायचा नाही. आधी गाळणी अरुंद होती. तरी काही ठिपके निसटायचे, म्हणून तिने ती थोडी रुंद केली, मग आणखी थोडी. शेवटी पडदा स्वच्छ झाला. स्वच्छ पडदा पाहून कोणालाही बरे वाटते. ताईलाही वाटले.

पण पॉरपॉइझचा आवाज त्या यंत्राच्या आवाजाला अगदी खेटून असतो. खडे वेचता वेचता दाणेही गेले. मी सगळे वर पाठवत होतो, आणि ते वर पोहोचून नाहीसे होत होते.

त्या सकाळी समुद्र अगदी सपाट होता. ताईने मला पाण्यात सोडले आणि थोड्याच वेळात मला दोन टिकटिकी ऐकू आल्या. एक सरळ, सवयीची. दुसरी अडखळणारी, मध्येच भरभर, मध्येच बंद. आई आणि पिल्लू. पिल्लू जरा मागे पडले की अडखळणारी टिकटिक वाढायची आणि लगेच आईची लय बदलायची. ती त्याच्याकडे वळायची. दोघे हातोड्याच्या जहाजाकडेच चालले होते, कारण जहाजाच्या पायांपाशी मासे जमले होते.

रेडिओवर मुकादमांचा आवाज आला. हातोड्याचे काम त्यांच्या हाती होते. "काय ताई, कान काय म्हणतोय?"

"थोडा वेळ द्या अजून."

"घ्या की. पण उद्यापासून वारा वाढणार आहे. खांब आज बसला तर बसला."

अर्धा तास झाला. ताईने पडदा पुन्हा एकदा नीट पाहिला. "कोरा आहे. करा सुरू."

मित्रांनो, कानात प्राण आणून ऐकणे तुम्हाला माहीत असेल. सगळे ऐकू येत असताना तोंडातून एक शब्द न निघणे काय असते, ते मला तेव्हा कळले.

हलके ठोके सुरू झाले. आई दचकून मोकळ्या पाण्याकडे वळली. पिल्लू तिच्या मागे निघाले, पण प्रत्येक ठोक्याला त्याची टिकटिक थांबायची आणि दोघांमधले अंतर वाढायचे. मग पूर्ण जोर लागला. ठोका पडला की मला दुसरे काहीच ऐकू येत नव्हते. दोन ठोक्यांच्या फटीत तेवढे अडखळणारे पिल्लू ऐकू यायचे, आणि ते उलट्या दिशेने येत होते. आमच्या बोटीकडे.

"ताई, जरा बाहेर या," मामा म्हणाले. "हे काय आहे? मासा म्हणावा तर श्वास घेतंय."

ताई बाहेर आली. बोटीला चिकटून एक छोटे राखाडी अंग वर येत होते, खाली जात होते. आईच्या पोटात दुमडून राहिल्याच्या सुरकुत्यासुद्धा अजून त्याच्या अंगावर होत्या. ताई आत धावली. पडदा कोरा होता. तिने खिडकीतून पिल्लाकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले. मग तिने हात पुढे केला आणि गाळणी काढून टाकली.

पडदा ठिपक्यांनी भरला. तिने आधीच्या अर्ध्या तासाचे आवाज पुन्हा लावले. तिथे यंत्राच्या ठिपक्यांना खेटून आणखी दोघांच्या ठिपक्यांच्या रांगा होत्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

"मामा, ते खोलीचं यंत्र बंद करा."

"अगं, वाळू..."

"मामा."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि यंत्र बंद केले.

"मुकादम, थांबवा," ताई रेडिओत म्हणाली. "बोटीपाशी पिल्लू आहे. आई जवळ नाही."

"खांब अर्ध्यात आहे, ताई. आता थांबलो तर माती त्याला धरून बसेल. उद्या डबल जोर लावावा लागेल. आणि तुम्हीच म्हणालात ना, कोरं आहे?"

"कोरं नव्हतं. मी कोरं केलं होतं. आवाज माझ्याच गाळणीत अडकला."

मामांनी पुढे होऊन रेडिओ हातात घेतला. "आमचं यंत्र बंद करायला मीच नको म्हणालो होतो. दोघांच्या नावावर घाला."

"नावावर काय घाला? पावती फाडायला बसलोय का मी इथं?" मुकादम चिडले. मग आवाज उतरला. "ताई, हे वर कळवावं लागेल मला. नोकरीवर येईल तुमच्या."

"कळवा. आधी थांबवा."

ठोके थांबले.

पाण्यात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कोळंब्यासुद्धा गप्प होत्या. फक्त पिल्लू. ते आमच्या बोटीला फेऱ्या घालत टिकटिक करत होते. बोटीच्या पोटाला ते आई समजले का, मला माहीत नाही. ताई पडद्यासमोर उभीच होती. मामांनी चहा ओतला आणि तो कोणीच प्यायले नाही.

बऱ्याच वेळाने लांबून सरळ टिकटिक आली. आई होती. पण ती गोल गोल फिरत होती. पिल्लाची टिकटिक वाढली की तिची लय लगेच बदलायची, हे मी सकाळीच ऐकले होते. आता पिल्लू टिकटिकीचा नुसता पाऊस पाडत होते आणि तिची लय बदलत नव्हती. शेवटी पिल्लूच तिच्या दिशेने निघाले. दोन्ही टिकटिकी हळूहळू एका बाजूला गेल्या आणि माझ्या आवाक्याबाहेर गेल्या. ती दोघे बरोबर गेली की एकामागे एक, ते मला सांगता येत नाही. जे मी ऐकले नाही, ते मी सांगणार नाही.

मुकादमांचे म्हणणे खरे ठरले. मातीने खांब धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी वारा होता, लाटा होत्या, आणि ठोके आदल्या दिवसापेक्षा कितीतरी जबर होते. त्याआधी आम्ही तासाहून जास्त ऐकले, गाळणीशिवाय, नांगर टाकून आणि यंत्र बंद ठेवून. कोणीच नव्हते. या वेळी पडदा खरोखर कोरा होता, आणि तो पाहून कोणालाही बरे वाटले नाही. त्याच दिवशी त्या ठोक्यांनी माझ्या मातीला बारीक तडा गेला. तेव्हापासून मला जाडे आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत.

ताईला बोटीवरून काढून कचेरीत बसवले. तिने आपली चूक सभेत उभे राहून सर्वांना सांगितली. काही जण म्हणाले, कशाला सांगायची, कोणाला कळलं असतं? पण त्यानंतर ऐकताना गाळणी लावायची नाही असा नियम झाला. खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडू लागले, म्हणजे आवाज तिथेच बराचसा अडतो. हे सगळे आधीही करता आले असते.

आता मी प्रयोगशाळेच्या एका खणात, स्पंजाच्या तुकड्यावर पडून आहे. माझ्या केबलचा एक तुकडा कोणीतरी पडदे बांधायला नेला. पवनचक्क्या फिरत आहेत. त्यांच्या खांबांना शिंपले चिकटले आहेत आणि तिथे मासे येतात, असे या खोलीतले लोक बोलतात. पॉरपॉइझ काही वर्षी येतात, काही वर्षी येत नाहीत. वर पात्यांजवळून उडणाऱ्या पक्ष्यांचे काय होते ते मला विचारू नका. माझा कान पाण्यातला.

मित्रांनो, पवनचक्क्या जरूर उभारा. तुम्हाला वीज हवी आहे आणि हवाही स्वच्छ हवी आहे. पण ज्यांच्या घरात खांब ठोकायचा, त्यांचे आधी ऐका, आणि तुम्हाला त्रास देणारा आवाज गाळून टाकायची घाई करू नका. ते पिल्लू जगले असेल तर आता मोठे झाले असेल. उद्या कोणी मला पुन्हा पाण्यात सोडले आणि ते अगदी माझ्यावरून गेले, तरी मला कळणार नाही. तुम्हाला कळायला हवे.