न पेटवलेली वात

विमान दोरीवरून सुटलं तेव्हा मला आधी बरंच वाटलं. धावता धावता हात एकदम हलका झाला. वर बघितलं तर ते डोक्यावर डावीकडे घिरट्या घालत होतं, अण्णा असताना घालायचं तशाच. चाकणच्या पुढच्या माळावर स्पर्धेला आलेली माणसं माना वर करून बघत होती.

विमान धरून उभा राहिलेला रणजीत धापा टाकत आला. अण्णा म्हणजे माझे वडील; त्यांच्या टूलरूममधला त्यांच्या हाताखालचा हा फिटर. "एक नंबर, ताई! वात केवढी ठेवलीत?"

"तुम्ही पेटवली ना?"

"मी? अहो, आपापली वात आपणच पेटवतात की सगळे."

आमच्या विमानाला इंजिन नसतं, रिमोटही नसतो. बाल्साच्या हलक्या लाकडी काड्यांचा सांगाडा, वर टिश्यू कागद. पतंगासारखं दोरीनं वर ओढायचं आणि सोडून द्यायचं. ते खाली आणायचं काम शेपटीजवळच्या सुती वातीचं. वात जळत जाऊन एक रबर तोडते, शेपूट उभी राहते आणि विमान संथपणे खाली बसतं. वात पेटलेली नसली आणि तापलेल्या पत्र्यांवरची गरम हवा सापडली, तर ते खाली येत नाही.

बाकीचे स्वतःची वात पेटवतात, मग दोरीकडे पळतात. आमच्यात, मी शाळेत होते तेव्हापासून, दोरी माझी आणि वात अण्णांची. ते उदबत्ती टेकवायचे, फुंकर घालायचे आणि ओरडायचे, "पळ, विजू!" आज कुणी ओरडलं नाही. तरी मी पळाले.

विमान कारखान्यांच्या शेडकडे सरकत गेलं. बारीक झालं. मग दिसेना.

अण्णा जानेवारीत गेले. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं विमान. डाव्या पंखाचं टोक चहाच्या पातेल्यावरच्या वाफेत धरून त्यांनी बोटांनी त्याला पीळ दिला होता. किती, ते ड्रॉइंगमध्ये नाही. मी विचारलं होतं, तर म्हणाले, "लागंल तेवढा."

हरवलं तर सापडावं म्हणून पंखावर नाव आणि फोन नंबर लिहायचा नियम आहे. पंखावर अण्णांच्या अक्षरात अण्णांचा नंबर होता. आणि तो फोन आईनं बंद करून कपाटात साड्यांखाली ठेवला होता.

मी स्कूटरवर बसूनच आईला फोन लावला. "अण्णांचा फोन चालू कर."

"कशाला?"

"विमान गेलं."

"ते पण?"

"आई, कुणाला सापडलं तर त्या नंबरवर फोन येईल."

"लोक विचारतात गं, उद्धवराव आहेत का म्हणून. मी काय सांगू?"

"काही सांगू नकोस. नुसता चालू कर."

तिनं फोन ठेवला. करते म्हणाली नाही.

शेडच्या अलीकडे एक म्हातारी शेळ्या राखत होती. तिला विचारलं.

"व्हय, बघितलं की. घारीवानी गेलं त्या निळ्या पत्र्यांवरनं. मागनं दोन खऱ्या घारी." ती हसली. "तुजं हाय व्हय? मग सोडलंस कशापायी?"

निळ्या पत्र्यांच्या कंपनीच्या गेटवर वॉचमननं विचारलं, "ड्रोन का, मॅडम?"

"ड्रोन नाही. लाकडाचं विमान."

"पायलट आतच हाय का?" दुसरा म्हणाला, आणि दोघं हसले. माझा चेहरा बघून पहिला थांबला. "छतावर कुणाला सोडत नाहीत, ताई. सेफ्टीवाले नोकरी खातील."

पुढच्या गेटवर तेच. त्याच्या पुढच्या गेटवर कुणी ऐकूनही घेतलं नाही. कंटेनरांच्या रांगांमधून, नाल्याच्या कडेनं, बाभळींखालून मी फिरले. पांढरं काही दिसलं की धावत जायचे. दर वेळी प्लॅस्टिक. अण्णांच्या नंबरवर फोन लावत होते. बंद. पुन्हा लावला. बंद. विमानाला लावून उरलेली वात उजव्या खिशात होती. मी ती काढून मुठीत धरून गाडी चालवत होते, त्यामुळे ब्रेक नीट दाबला जाईना.

पिंपळे गुरवला घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दार उघडंच होतं. आई अण्णांच्या खुर्चीच्या पुढ्यात जमिनीवर बसली होती. चार्जरची वायर पुरत नव्हती, म्हणून भिंतीला अगदी खेटून. फोन मांडीवर, चालू.

"आता लावलाय," ती म्हणाली. "दुपारपासून नुसता हातात घेऊन बसले होते."

तेवढ्यात तो वाजला. मी हात पुढे केला. तिनं दिला नाही.

"हॅलो." पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, मलाही ऐकू आलं. "उद्धवराव आहेत का?"

आईनं डोळे मिटले. "नाहीत. वारले ते, जानेवारीत. मी यशोदा, त्यांची बायको." मग घाईनं, "विमानाचं आहे का? सापडलं का तुम्हाला?"

विमानाचं नव्हतं. त्यांच्या जुन्या कंपनीतला कुणीतरी होता, ज्याला कळलंच नव्हतं. तो रडायला लागला. आई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "भाऊ, आता ठेवते. लाइन मोकळी पाहिजे."

तिनं फोन परत मांडीवर ठेवला, स्क्रीन वर करून.

"चार्जिंग किती झालंय बघ गं," ती म्हणाली. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही."